मोरीचे मोल

घराची पारख करावयाची झाल्यास दिवाणखान्यात बसून करू नये, मागील दारी जाऊन मोरी पाहावी, असे आमचे मत आहे. दिवाणखाना पाहुण्यांसाठी असतो. घराचा खरा स्वभाव मोरी सांगते. आपल्या स्मरणिकेत आजवर कुलदैवते, कुळांची स्थलांतरे, ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुष, विद्यार्थिवसतिगृहाची हकीकत अशा विषयांवर अनेक अभ्यासपूर्ण लेख आले. त्यांच्या पंक्तीस गटाराचा विषय मांडणे कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु घरातील सांडपाणी व मैला बाहेर जावा म्हणून गृहस्थाने आजवर किती दिले व कोणास दिले, हाही इतिहासच आहे. आणि तो ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत मांडण्यास विशेष कारण आहे. हे काम आपल्या देशात जातीने वाटून दिलेले होते. ज्यांच्या वाट्यास ते आले ते त्याविषयी बोलतात, लिहितात. ज्यांच्या वाट्यास ते आले नाही, त्या आपल्यासारख्या ज्ञातींच्या ग्रंथांतून त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ती उणीव यथामति भरून काढण्याचा हा प्रयत्न आहे. आपली बहुसंख्य कुटुंबे गेल्या तीन-चार पिढ्यांत मुंबईस येऊन स्थायिक झाली, म्हणून उदाहरण मुंबईचेच घेतो.

मुंबईच्या जुन्या कायद्यांत व दप्तरांत 'हलालखोर' हा शब्द वारंवार येतो. विहित व कष्टाचे अन्न खाणारा, असा त्याचा अर्थ. सफाई करणाऱ्यांसाठी हे नाव अकबर बादशहाने रूढ केले, असे अबुल फज्लच्या 'ऐने अकबरी'त नमूद आहे. नाव सन्मानाचे होते. परंतु नाव बदलल्याने काम बदलले नाही आणि कामाचे मोलही वाढले नाही. नाव पालटून समाधान मानण्याची ही रीत या इतिहासात पुढेही अनेकदा दिसते.

मुंबईत नळांची गटारे होण्यापूर्वीची व्यवस्था कशी होती, हे आजच्या तरुण पिढीस सांगणे अवश्य आहे. दोन घरांच्या पाठी एकमेकींकडे असत व त्यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस जाईल एवढी अरुंद गल्ली असे. संडासाच्या खाली टोपली ठेवलेली असे. हलालखोर पहाटे त्या गल्लीतून येई, टोपली रिकामी करी व मैला डोक्यावरून वाहून नेई. स्वयंपाकघराचे व न्हाणीचे पाणीही पुष्कळदा त्याच गल्लीत पडे. घराच्या दर्शनी दारातून त्यास प्रवेश नव्हता. घरातील मंडळींना वर्षानुवर्षे त्याचे तोंडही दिसत नसे. त्याचे येणे कळत असे ते तो आला नाही त्या दिवशी.

या कामाचा मोबदला घरमालक व हलालखोर यांच्यात परस्पर ठरत असे. दरमहा काही रोख, सणावारी शिळेपाके अन्न, जुने वस्त्र, असे त्याचे स्वरूप होते. अमुक आळीतील अमुक घरे ही अमुक कुटुंबाची, असा वहिवाटीचा हक्क चाले. तो बापाकडून मुलाकडे जाई. देशात कित्येक ठिकाणी तो गहाणही पडे व विकलाही जाई. वरवर पाहता हा हक्क होता. परंतु ज्याला दुसरा धंदा करण्याची मुभाच नाही, त्याचा हक्क म्हणजे त्याच्या पायातील बेडीच होय. घरमालकासही दुसरा माणूस मिळत नसे. पण त्याची अडचण एका दिवसाची, हलालखोराची जन्माची.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही व्यवस्था मोडकळीस आली. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. घरोघर पाणी वाढले, त्यासरशी सांडपाणीही वाढले. मात्र ते वाहून नेण्याची सोय तेवढी वाढली नाही. तशातच अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाच्या व्यापारास विलक्षण बरकत आली आणि माणसांचा लोंढा मुंबईत शिरला. १८६४ च्या शिरगणतीत बेटाची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. त्याच वर्षी डॉ. लीथ यांनी मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. खाजगी हलालखोर व खाजगी गल्ल्या यांच्या भरवशावर एवढे शहर स्वच्छ राहणे आता शक्य नव्हते.

१८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले व त्यावर आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. त्यांनी सफाईच्या कामी मोठा उत्साह दाखविला व खर्चही सढळ हाताने केला. इतका की १८७१ मध्ये करदात्यांनी गिल्ला केला, आणि त्या चळवळीतून १८७२ चा कायदा होऊन ६४ सभासदांची कॉर्पोरेशन अस्तित्वात आली. आज आपण ज्या नागरी स्वराज्याचा अभिमान बाळगतो, त्याच्या जन्मकथेत गटारांचा व रस्त्यांचा खर्च कोणी सोसावा, हा तंटा आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच काळात हलालखोरांस क्रमाक्रमाने पालिकेच्या सेवेत घेऊन त्यांचा खर्च घरमालकांकडून कररूपाने वसूल करण्याची पद्धत बसली. १८८८ च्या मुंबई शहर म्युनिसिपल कायद्यात मालमत्तेवरील करांमध्ये पाणीपट्टीच्या जोडीस 'हलालखोर कर' या नावाचा स्वतंत्र करच घातलेला होता. संडास, मुताऱ्या व मैलखड्डे यांतील घाण गोळा करणे, वाहून नेणे, तिची विल्हेवाट लावणे आणि त्या कामी लागणारी पालिकेची गटारे दुरुस्त ठेवणे, हा त्याचा उद्देश. एका कामकरी वर्गाचे नाव कराला मिळाले व ते घरोघरच्या बिलांवर छापले गेले.

हा कर कसा आकारीत, ते आमच्या जुन्या सवयीप्रमाणे उदाहरणाने सांगतो. घराचे वार्षिक भाडे १,००० रुपये येण्याजोगे आहे असे समजा. दुरुस्ती वगैरेंसाठी कायद्याने शेकडा १० वजा घालावयाचे. राहिले ९०० रुपये. हे त्या घराचे करयोग्य मूल्य. त्यावर कराचा दर शेकडा जितका असेल, तितके नऊ-नऊ रुपये मालकाने भरावयाचे. हिशेब सरळ आहे. पण त्यातील एक गोष्ट सहज नजरेआड होते. कर भाड्याच्या प्रमाणात वाढतो, श्रमाच्या प्रमाणात वाढत नाही. मलबार हिलवरील बंगल्यात पाच माणसे राहात असली व गिरगावातील चाळीत एका संडासावर दहा बिऱ्हाडे असली, तरी बिल ठरते ते इमारतीच्या भाड्यावरून. चाळीच्या मागील गल्लीत उतरणाऱ्या माणसाचे काम दसपट झाले म्हणून त्याचा पगार दसपट होत नसे. शिवाय कर मालकाच्या नावावर असला तरी तो भाड्यात मिसळून भाडेकरूवर येत असे. देणारा आपण काय देतो हे जाणत नव्हता, घेणारा आपल्या श्रमाचे मोल मागू शकत नव्हता. गटारसफाईच्या इतिहासातील मुख्य सूत्र आमच्या मते हेच आहे.

येथे कोणी म्हणेल की, घाणीचे काम सर्वच देशांत गरिबांकडे असते. मग आपलाच देश का नावाजावा? म्हणून ज्यांनी मुंबईची गटारे आखली त्या इंग्रजांच्या राजधानीकडे क्षणभर पाहू. लंडनमध्येही घराखाली मैलखड्डे असत व ते रात्री उपसणारे लोक असत. त्यांची मजुरी इतकी असे की गरीब घरमालकांस ती परवडत नसे; खड्डे तसेच तुंबून राहात. ही गोष्ट १८४० च्या दशकातील तेथील आरोग्यसुधारकांनी निक्षून मांडली. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी पार्लमेंटच्या सभागृहात शिरली, तेव्हा बाझलजेट या अभियंत्याच्या योजनेस चालना मिळाली व भूमिगत गटारे झाली. तात्पर्य, माणसाची मजुरी महाग होती म्हणून तेथील समाजास दुसरा उपाय शोधणे भाग पडले. आपल्याकडे जातीने माणूस स्वस्त करून ठेवला होता. त्यामुळे दुसऱ्या उपायाची निकड आपणांस कधी तीव्रतेने भासली नाही. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही, त्या कामाचा भाव बाजार ठरवीत नसतो.

मुंबईतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थांशात भूमिगत गटारे व वरळीकडील लव्हग्रोव्हचे उपसा केंद्र अशी कामे झाली. तथापि शहराचा मोठा भाग टोपलीवरच राहिला. १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, तेव्हा दोष प्रथम गटारांच्या माथी आला. गटारे समुद्राच्या पाण्याने व कार्बोलिक द्रावणाने धुण्यात आली. प्लेग उंदरांच्या पिसवांमुळे पसरतो हे पुढे सिद्ध झाले. परंतु त्या भयाच्या दिवसांत, ज्यांना गाव सोडणे शक्य होते ते गाव सोडून गेले, आणि ओस पडत चाललेल्या त्या शहराची सफाई सफाई कामगारांच्याच हातांवर चालली. गुजरात-काठेवाडातून, उत्तर हिंदुस्थानातून, दख्खन व कोकणातून आलेली ही दलित माणसे होती. प्लेगाच्या कथा आपल्या घरांतून पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांत या लोकांचा उल्लेख कोणी ऐकला असल्यास आम्हांस अवश्य कळवावा.

गटार भूमिगत झाले म्हणजे सफाईतील माणूस सुटला, असे समजणे स्वाभाविक आहे. आम्ही शाळेत आरोग्याचा धडा शिकवीत असू, त्या पाठ्यपुस्तकातील आकृतीत मोरीपासून समुद्रापर्यंत बाण काढलेले असत. माणूस कोठेच नसे. वस्तुस्थिती अशी की, टोपली डोक्यावरून उतरली आणि माणूस जमिनीखाली गेला. नळ तुंबतात. स्वयंपाकघरातील तूपतेल थंड होऊन नळाच्या आतील बाजूस थर धरते. त्यावर भाताची पेज, केस, राख, चिंध्या अडकतात. पिंपळाची मुळे सांध्यातून आत शिरतात. पूर्वी बांबूच्या लांब कामट्या घालून नळ मोकळा करीत. तेवढ्याने न भागल्यास माणूस चेंबरमध्ये उतरत असे.

आणि येथे एक नवा शत्रू होता, जो उघड्या गल्लीत नव्हता. बंद जागी मैला कुजला की त्यातून वायू निर्माण होतात. त्यांतील मिथेन जळतो. माटुंग्याच्या कुष्ठालयात १८९७ मध्ये मैल्यापासून मिळालेला वायू दिव्यांसाठी वापरल्याची नोंद जगभरच्या गोबरगॅसच्या इतिहासांत आढळते. दुसरा हायड्रोजन सल्फाइड. तो हवेहून जड असल्याने तळाशी साचतो. त्यास कुजक्या अंड्याची घाण येते खरी, पण प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच नष्ट होते. म्हणजे घाण येईनाशी झाली, आता उतरण्यास हरकत नाही, असे वाटावे तोच क्षण सर्वांत घातक. शिवाय मोकळ्या हवेत प्राणवायू शेकडा २१ च्या सुमारास असतो. बंद टाकीत तो कितीतरी कमी होतो. पहिला मनुष्य खाली कोसळतो. वरचा सोबती त्यास काढावयास उतरतो व तोही कोसळतो. मैलाटाकीच्या अपघातांत पुष्कळदा दोन-तीन माणसे एकदम दगावतात, त्याचे कारण हे. मेलेल्यांपैकी कित्येक जण सोबत्यास वाचवावयास उतरलेले असतात, हे समजल्यावर त्या कामास हलके काम म्हणण्यास जीभ धजू नये.

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाकडे राज्यकर्त्यांचे लक्ष गेले नाही असे नव्हे. मुंबई सरकारने १९४९ मध्ये श्री. वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये आला. पुढे केंद्राच्या वतीने प्रा. मलकानी यांच्या समितीने १९६० मध्ये अहवाल दिला. घरे वाटून घेण्याच्या वहिवाटी हक्कांचा विचार त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने १९६५-६६ मध्ये केला. डोक्यावरून मैला वाहणे बंद व्हावे, हक्काच्या नावाखालील गुलामगिरी संपावी, हे सर्व त्या वेळीच सांगून झाले होते.

समित्यांच्याही आधी एका कोकणस्थ पदवीधराने हे काम स्वतःच्या हाती घेतले होते. श्री. अप्पासाहेब पटवर्धन हे १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात राजकैदी असताना त्यांनी सफाईचे काम आपणांस द्यावे अशी मागणी केली. ते काम विशिष्ट जातीच्या कैद्यांचे, म्हणून ती नाकारण्यात आली. अप्पासाहेबांनी अन्नत्याग आरंभिला; येरवड्याहून गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास धरला, आणि सरकारला नमावे लागले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापून त्यांनी आपले आयुष्य मैल्याचे खत करण्याच्या, हाताने मैला उचलण्याची गरज न पडणाऱ्या संडासांच्या प्रयोगांत वेचले. अशा पुरुषाच्या तसबिरीस हार घालणे सोपे आहे. त्यांनी दाखविलेला मार्ग मात्र हाराने पुरा होत नाही.

आता आपल्या घरांकडे वळू. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या इमारतींची भाडी १९४० च्या पातळीला धरून गोठविली. भाडेकरूस संरक्षण मिळाले. परंतु मालकाने दुरुस्तीतून अंग काढले, आणि सर्वांत आधी दुर्लक्ष झाले ते मागील गल्लीकडे व मैलनळांकडे. म्हणून १९६९ मध्ये इमारतदुरुस्ती मंडळाचा कायदा होऊन दुरुस्तीचा उपकर सुरू झाला. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा व १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा यांनंतर चाळीतील भाडेकरू हळूहळू फ्लॅटचा मालक झाला. आपल्या ज्ञातीतील बहुतेक कुटुंबांचा प्रवास हाच आहे. मालक बदलला, तशी जबाबदारीही बदलली. पूर्वी घरमालकाला दूषण देऊन मोकळे होता येत असे, आता घरमालक आपणच आहोत.

आजचा सदनिकाधारक गटारासाठी दोन ठिकाणी पैसे देतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. पहिले देणे पालिकेस. हलालखोर कराचे नाव कालांतराने बदलून मलनिःसारण कर असे झाले. २०१० पासून मुंबईत मालमत्ता कर भाडेमूल्याऐवजी भांडवली मूल्यावर आकारला जाऊ लागला. या पैशांतून रस्त्याखालील गटारे चालतात. दुसरे देणे सोसायटीस. कुंपणाच्या आतील नळ, चेंबर, व जेथे पालिकेचे गटार पोहोचलेले नाही तेथील मैलाटाकी, ही सोसायटीची जबाबदारी. ती मासिक वर्गणीतून भागते. पहिले देणे कायद्याने ठरते, त्यात आपला हात नाही. दुसरे आपण ठरवितो. सेक्रेटरी दोन-तीन ठेकेदारांकडून दर मागवितो, कमिटी सर्वांत कमी दर मंजूर करते, आणि सभेत त्याचे कौतुकही होते. तो दर कमी कशामुळे झाला, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आमचे उत्तर असे की, उपसा करणारी मोटार, पाण्याच्या दाबाने नळ धुणारे यंत्र, वायू मोजण्याचे साधन, दोर, पट्टे, प्रशिक्षित माणसे, विमा, या सर्वांचे मोल ज्या दरात धरलेले असते तो दर कमी असू शकत नाही. दर फारच कमी असेल तर यांपैकी काहीतरी वगळलेले असते, आणि वगळलेल्याची भरपाई एका माणसाच्या देहाने व्हावयाची असते.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला. त्याहून व्यापक असा २०१३ चा कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून अमलात आला. संरक्षक साधने व नियमांत सांगितलेली दक्षता यांवाचून गटारात वा मैलाटाकीत माणूस उतरविणे त्याने गुन्हा ठरविले. पहिल्या अपराधास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा निर्बंध सरकारी खात्यांपुरता नाही, तो प्रत्येक व्यक्तीस लागू आहे. तरीही २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे व मैलाटाक्या साफ करताना देशात ३७७ माणसे मृत्यू पावली, असे सरकारने संसदेत सांगितले.

त्यांतील तिघे आपल्या मुंबईतले. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथील एका खाजगी गृहसंकुलाच्या मैलाटाकीत ते गुदमरून मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रत्येकीस दहा लाख रुपये देण्याचा आदेश राज्य शासनास दिला. ती रक्कम जबाबदार इसमांकडून वसूल करण्याची मोकळीक शासनास ठेवली. दहा लाखांचा हा आकडा सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ च्या निकालात घालून दिलेला होता. २० ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने तो तीस लाख केला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई थांबविण्याचा आदेशही त्याने दिला. गोवंडीची ती टाकी कोणा सरकारी खात्याची नव्हती. आपल्यासारख्याच कुटुंबांच्या घरांखालची होती.

पुनः एकदा गणित मांडू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. एका इमारतीत २४ बिऱ्हाडे आहेत. माणूस उतरविणारा ठेकेदार आणि यंत्र आणणारा ठेकेदार यांच्या दरांत ६,००० रुपयांचा फरक आहे. वर्षातून एकदा काम निघते. बिऱ्हाडामागे फरक आला २५० रुपये; महिन्यास २१ रुपयांहूनही कमी. उलट बाजूस तीस लाखांची भरपाई त्याच २४ बिऱ्हाडांवर वाटल्यास प्रत्येकी १,२५,००० रुपये येतात. पण या दुसऱ्या आकड्याच्या भयाने कोणी योग्य वागावे, अशी आमची इच्छा नाही. पहिला आकडाच पुरेसा आहे. महिन्यास एकवीस रुपये वाचावेत म्हणून आपण एका अनोळखी माणसास काय करावयास सांगतो, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने स्वयंपाकघराच्या मोरीपाशी उभे राहून एकदा करावा.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सुचवितो. स्वयंपाकघरातील तेलकट भांडी कागदाने पुसून मग धुवावीत; तेल मोरीत ओतू नये. चिंध्या, बाळांचे लंगोट, मासिक पाळीच्या घड्या संडासात टाकू नयेत. नळ तुंबण्याची मोठी कारणे तीच. मोरीखालील जाळीचा सापळा दर महिन्यास साफ करवावा. चेंबरांची पाहणी पावसाळ्यापूर्वी करवावी. मैलाटाकी दोन-तीन वर्षांनी, तळाचा गाळ दगडासारखा होण्याच्या आधी, मोटारीने उपसून घ्यावी. कारण गाळ घट्ट झाला व यंत्राने निघेना, की ठेकेदार माणूस उतरवितो. ठेक्याच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे की कोणत्याही कारणाने माणूस आत उतरविला जाणार नाही. काम चालू असताना कमिटीच्या एका सभासदाने तेथे हजर राहावे. आणि काम संपल्यावर त्या माणसांस हातपाय धुण्यास साबण-पाणी द्यावे, व चहा आपण ज्या कपातून घेतो त्याच कपातून द्यावा. ही शेवटची सूचना लिहिण्याची वेळ अजून यावी, हे आपणां सर्वांस विचार करावयास लावणारे आहे.

याच स्मरणिकेच्या अखेरीस आपल्या संस्थेचा वार्षिक जमाखर्च छापलेला आहे. वाचकांनी तो उघडून पाहावा. विद्यार्थिवसतिगृहाच्या खर्चात दिवाबत्ती, रंगकाम, वर्तमानपत्रे अशा बाबी ओळीने दिल्या आहेत. गटारसफाई मात्र 'किरकोळ' या सदरात मोडते. आमची कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे की पुढील वर्षापासून या खर्चाची स्वतंत्र ओळ असावी, आणि वसतिगृहाच्या मैलाटाकीत व चेंबरांत माणूस उतरविला जाणार नाही असा ठराव येत्या सर्वसाधारण सभेत व्हावा. खर्च थोडा वाढेल. तेवढ्यासाठी वर्गणी वाढविण्याची वेळ आली तर आम्ही आमचा वाटा आनंदाने देऊ, आणि इतर सभासदही देतील अशी खात्री बाळगतो. आपल्या मुलांना शिक्षण मिळावे म्हणून आपण हे वसतिगृह उभारले. त्या इमारतीखाली दुसऱ्या कोणाच्या मुलाने जीव धोक्यात घालावा, हे आपल्या संस्थेच्या उद्देशात कोठेही बसत नाही.

इत्यलम्.